नोस्फेराटू : नष्ट करण्याचा हुकूम झालेला चित्रपट आणि त्याचे प्रेक्षक

४ मार्च १९२२. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातील संगमरवरी सभागृहात निमंत्रितांची गर्दी होऊ लागली आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या, म्हणजे बीडरमायर काळाच्या पेहरावात यावे, अशी त्यांना विनंती आहे. आधी नाट्यमय प्रास्ताविक, मग चित्रपट आणि त्यानंतर नृत्यसमारंभ. कार्यक्रमाचे नाव ‘नोस्फेराटूचा उत्सव’. पुढे तीनच वर्षांनी, १९२५ मध्ये, याच चित्रपटाची निगेटिव्ह आणि सर्व प्रती नष्ट कराव्यात असा निवाडा जर्मन न्यायालयाने दिला. त्या निवाड्यातून तो कसा वाचला आणि वाचल्यावर कोणाला कसा दिसला, त्याची ही हकीकत. (धागा)

आज हा मूकपट मोबाइलवर कोणालाही फुकट पाहता येतो. पाहणारे बरेच तरुण एकच तक्रार करतात : भीती वाटली नाही, उलट हसू आले. ही तक्रार खोटी नाही. मात्र तिलाही एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात दोष नेहमी प्रेक्षकाच्या उतावीळपणाचा नसतो.

प्रथम निर्मात्यांविषयी. चित्रपट काढणाऱ्या कंपनीचे नाव होते ‘प्राण-फिल्म’. होय, आपल्या संस्कृतातला ‘प्राण’. कंपनीच्या दोन चालकांपैकी अल्बिन ग्राऊ हा चित्रकार गूढविद्येच्या नादी लागलेला होता, आणि त्या काळच्या युरोपीय गूढवाद्यांच्या बोलण्यात असे भारतीय शब्द सर्रास येत. कंपनीने पुढच्या अनेक चित्रपटांच्या घोषणा केल्या होत्या, पूर्ण झाला तो हा एकच. प्राण हे नाव घेतलेली संस्था एका मृतात्म्याची गोष्ट सांगून काही महिन्यांतच दिवाळखोर व्हावी, हा योग कादंबरीकारालाही सुचला नसता.

ग्राऊने १९२१ मध्ये एका मासिकात या चित्रपटाची पूर्वपीठिका सांगितली. महायुद्धात, १९१६च्या हिवाळ्यात, सर्बियात एका शेतकऱ्याच्या घरी सैनिकांचा मुक्काम पडला असता त्या वृद्धाने आपल्या पिशाच झालेल्या बापाची कथा सांगितली, असे त्याचे म्हणणे. ही कथा जाहिरातीच्या धोरणाने लिहिलेली असावी असे वाचताना वाटतेच. पण त्याच लेखात त्याने महायुद्धालाच लक्षावधींचे रक्त पिणाऱ्या विराट पिशाचाची उपमा दिली आहे. ही उपमा चित्रपटाची खरी किल्ली आहे, असे मला वाटते.

दिग्दर्शक फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ स्वतः युद्धात वैमानिक होता. त्याचा जिवलग मित्र, कवी हान्स एरेनबाउम-डेगेले १९१५ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला. त्या युद्धात जर्मनीचे सुमारे २० लाख सैनिक मेले. पाठोपाठ १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ आली. १९२२ साली बर्लिनच्या कोणत्याही चित्रपटगृहात बसलेल्या माणसांपैकी घरात मृत्यू न पाहिलेला माणूस शोधावा लागला असता.

कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. विस्बोर्ग नावाच्या काल्पनिक बंदरातला हुटर नावाचा तरुण कारकून घराचा व्यवहार करण्यासाठी कार्पेथियन पर्वतातल्या ओर्लोक सरदाराच्या गढीत जातो. सरदार रक्त पिणारा निघतो, हुटरची पत्नी एलेन हिचे चित्र पाहून तिच्यावर डोळा ठेवतो आणि मातीने भरलेल्या शवपेट्यांसह जहाजातून तिच्या गावी येतो. साल १८३८. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचा हा उघड अवतार होता. पटकथाकार हेन्रिक गालेनने पात्रांची आणि गावांची नावे बदलली, पण श्रेयनामावलीत मात्र मूळ कादंबरीचा उल्लेख चक्क छापला. चोरी करून चोरीची पावती ठेवणाऱ्या या प्रामाणिकपणाची किंमत पुढे मोजावी लागली.

गालेन आणि मुर्नाऊ यांनी कादंबरीत दोन मोठे बदल केले. पहिला बदल सूर्याचा. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. उजेडात त्याची शक्ती उणावते एवढेच. शेवटी त्याचा अंत होतो तो गळ्यावरून फिरलेल्या सुऱ्याने आणि छातीत खुपसलेल्या दुसऱ्या पात्याने, आणि त्यांतला पहिला सुरा म्हणजे आपल्या परिचयाची गुरख्यांची कुकरी आहे. सूर्यकिरण पडताच पिशाच विरून जाते, ही कल्पना या चित्रपटाने रूढ केली. आज जगभरची मुले ज्याला पिशाचांचा प्राचीन नियम समजतात, तो अवघ्या शंभर वर्षांचा आहे.

दुसरा बदल अधिक खोल आहे. कादंबरीत उंदीर आहेत, पण साथ नाही. चित्रपटात ओर्लोकबरोबर प्लेग येतो. शवपेटीचे झाकण उघडताच उंदीर बाहेर पडतात. जहाजावरचे खलाशी एकेक करून मरतात. बंदरातले अधिकारी जहाजाची नोंदवही वाचतात आणि हादरतात. मग ढोल वाजवीत एक माणूस गल्लीत येतो, सरकारी सूचना वाचून दाखवतो आणि खिडक्या पटापट बंद होतात. दारांवर खडूने फुल्या पडतात. अरुंद रस्त्यावरून काळ्या पोशाखातली माणसे शवपेट्या खांद्यावर घेऊन संथपणे चालत जातात, एलेन हे सारे खिडकीतून पाहते. या दृश्यात पिशाच कुठेच नाही. तरीही माझ्या मते संपूर्ण चित्रपटातले सर्वांत भयानक दृश्य हेच.

येथे आपल्या भागाशी एक खरा संबंध जुळतो. चित्रपटातल्या १८३८च्या नागरिकांना उंदरांचा आणि प्लेगचा संबंध ठाऊक नाही. १९२२च्या प्रेक्षकाला तो ठाऊक होता. ही माहिती जगाला कुठून मिळाली? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला, सागरी मार्गांनी पसरलेल्या जागतिक साथीचा तो भाग होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात हे प्रयोगाने दाखवले. त्याच्यावर बराच काळ विश्वास बसला नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने केलेल्या कामाने ते पक्के झाले. त्यामुळे शवपेटीतून उंदीर बाहेर येताना बर्लिनच्या प्रेक्षकाला जे कळत होते आणि पडद्यावरच्या माणसांना कळत नव्हते, त्या भीतीमागे मुंबई आणि कराचीतल्या संशोधनाचाही हात आहे. ‘ड्रॅक्युला’ मे १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा पुणे प्लेगखाली होते, आणि महिन्याभराने, २२ जूनला, रँडवर गोळी झाडली गेली. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालणाऱ्या आपल्या पणजोबांनी हा चित्रपट पाहिला असता, तर त्यांना ढोलाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसता.

आता खटला. स्टोकर १९१२ मध्ये वारला होता. त्याची विधवा फ्लॉरेन्स स्टोकर हिच्या उत्पन्नाचा एक प्रमुख आधार ही कादंबरी होती. बर्लिनच्या सोहळ्याची कार्यक्रमपत्रिका तिच्या हाती पडली. हक्कांसाठी कोणी तिला विचारले नव्हते, पैसे दिले नव्हते. तिने ब्रिटिश लेखक संघटनेकडे धाव घेतली. प्राण-फिल्म तोवर बुडालेली, त्यामुळे भरपाई वसूल कोणाकडून करायची? पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर तिने चित्रपटच नष्ट करण्याची मागणी लावून धरली आणि १९२५ मध्ये ती मान्य झाली.

चित्रपटप्रेमी मंडळी फ्लॉरेन्सला खलनायिका ठरवतात, हे मला अन्यायाचे वाटते. नवऱ्याच्या एका पुस्तकावर भिस्त असलेली, साठी ओलांडलेली बाई दुसऱ्या देशातल्या बुडीत कंपनीशी तीन वर्षे झगडते आणि हाती एक दमडी लागत नाही. कायदा तिच्या बाजूने होता आणि न्यायही. चित्रपट वाचला हे आपले भाग्य, पण ते तिच्या पराभवावर उभे आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

वाचला कसा? प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या. पॅरिसमध्ये १९२२ मध्येच तो दाखवला गेला होता, आणि १९२९ मध्ये अमेरिकेत त्याचे खेळ झाले. प्रत्येक देशात त्याला निराळी कात्री लागली, निराळ्या पाट्या जोडल्या गेल्या. अमेरिकेत नंतर प्रचलित झालेल्या प्रतीत तर ओर्लोकचा पुन्हा ‘ड्रॅक्युला’ झाला, हुटरचा ‘हार्कर’ झाला आणि विस्बोर्गचे ‘ब्रेमेन’. म्हणजे ज्या नावांमुळे खटला उभा राहिला असता, नेमकी तीच नावे खटल्यानंतर परत आली.

पॅरिसची गोष्ट मौजेची आहे. हुटर पूल ओलांडून पिशाचाच्या मुलखात शिरतो, तेव्हा फ्रेंच प्रतीत एक पाटी येते : पूल ओलांडताच भुते त्याला सामोरी आली, अशा आशयाची. अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँ या पाटीवर लुब्ध झाला आणि १९३२च्या आपल्या पुस्तकात त्याने तिचा उल्लेख केला. जर्मन मूळ पाटीचा सूर याहून वेगळा आहे. तेव्हा पॅरिसच्या कवींना मोहिनी घालणारे ते वाक्य बरेचसे अनुवादकाचे. व्हिएन्नात समीक्षा लिहिणाऱ्या बेला बालाझला मात्र पाट्यांशी देणेघेणे नव्हते. त्याच्या मते या चित्रपटाचा गारठा पिशाचात नसून निसर्गाच्या दृश्यांत आहे : चंद्राआड धावणारे ढग, रात्रीचा पडका वाडा, ओसाड चौकातली ओळखू न येणारी आकृती. मुर्नाऊने स्टुडिओतले रंगवलेले पडदे सोडून विस्मार आणि ल्युबेकच्या जुन्या वस्त्यांत, स्लोव्हाकियातल्या ओरावा गढीवर आणि टाट्रा पर्वतात चित्रण केले होते, त्याचे हे फळ.

आता त्या हसण्याकडे वळू. १९२२ मध्ये रात्रीचे चित्रण रात्री करणे फार अवघड होते. म्हणून भर दिवसा चित्रण करायचे आणि नंतर फिल्म रंगात बुडवायची, अशी रीत होती. रात्रीसाठी निळसर हिरवा, दिव्याच्या उजेडासाठी पिवळसर, पहाटेसाठी गुलाबी. प्रेक्षक रंग पाहून वेळ ओळखत असे. पण वाचलेल्या प्रतींवरून पुढे ज्या नकला निघाल्या, त्या बहुतेक साध्या कृष्णधवल होत्या. परिणाम असा, की सूर्यकिरणाने मरणारे पिशाच लख्ख उन्हात काखेत शवपेटी घेऊन गावातून चालताना दिसू लागले! दोन पिढ्यांनी याला दिग्दर्शकाची ढिलाई समजून टाळ्या पिटल्या. त्यात भर वेगाची. मूकपटाच्या वेगाने चित्रित केलेली फिल्म बोलपटाच्या यंत्रावर चढवली की माणसे तुरुतुरु पळतात. मुर्नाऊने गढीकडे जाणारी घोडागाडी मुद्दाम वेगवान दाखवली होती, एका ठिकाणी अरण्याचे चित्र निगेटिव्हसारखे उलटे, पांढऱ्या झाडांचे केले होते. सगळीच माणसे पळू लागल्यावर त्या एका भुताळी धावेचा अर्थ उरत नाही. प्रेक्षक हसला तो एका जखमी प्रतीला.

प्रतीचा प्रश्न असा. पण प्रत बरी असली तरी प्रेक्षकाने बरोबर आणलेला काळ निराळा असतो, आणि त्याने चित्रपटाचा अर्थ पार बदलतो. सीगफ्रीड क्राकाउअर हा जर्मन ज्यू लेखक नाझींपासून पळून अमेरिकेत गेला. १९४७च्या त्याच्या ग्रंथात हिटलरपूर्व जर्मन चित्रपटांतून येऊ घातलेल्या हुकूमशहांच्या सावल्या शोधलेल्या आहेत, आणि ओर्लोक त्यांतला एक. हा तर्क मला ओढूनताणून आणलेला वाटतो, कारण निकाल माहीत असल्यावर मागच्या प्रत्येक सावलीला मिशी दिसू लागते. तरी ज्याचे जगच त्या हुकूमशहाने गिळले, त्याला हा चित्रपट दुसऱ्या कोणत्या डोळ्यांनी पाहता आला असता?

यापेक्षा कठीण प्रश्न नंतरच्या समीक्षकांनी विचारला. बाकदार नाक, पूर्वेकडून आलेला परका, त्याच्याबरोबर उंदीर आणि रोग, तो आपल्या शेजारचे घर विकत घेतो : ही तर ज्यूद्वेषी व्यंगचित्रांची परिचित सामग्री. १९४० मध्ये नाझींच्या ‘चिरंतन ज्यू’ या प्रचारपटात ज्यूंना उंदरांच्या झुंडीशेजारी ठेवून दाखवले गेले, तेव्हा हे साम्य नाकारून चालत नाही. दुसऱ्या बाजूला, पटकथा लिहिणारा गालेन ज्यू होता आणि १९३३ नंतर त्याला देश सोडावा लागला. ओर्लोकचा हस्तक क्नोक याची भूमिका करणारा अलेक्झांडर ग्रानाख गॅलिशियातला ज्यू होता, तोही परागंदा झाला. प्राध्यापक बुल्व्हरची भूमिका करणाऱ्या ज्यू नटाला, जॉन गोटोव्टला, १९४२ मध्ये नाझींनी ठार मारले.

चित्रपटातले एक दृश्य या वादात फारसे आठवले जात नाही. प्लेगने भेदरलेल्या गावाला कोणीतरी दोषी हवा असतो. त्यांना क्नोक सापडतो. जमाव दगड मारीत त्याच्या मागे लागतो, शेतात शिरतो आणि तो समजून एका बुजगावण्याच्या चिंध्या करतो. क्नोक निर्दोष नाही, पण साथ त्याच्यामुळे आलेली नाही, आणि हे गावात कोणालाच कळत नाही. उंदरांची प्रतिमा आणि बुजगावण्याची प्रतिमा एकाच चित्रपटात आहेत. पहिलीने परक्याची भीती घालता येते, दुसरीने त्या भीतीचे काय होते ते दिसते. मुर्नाऊला कोणती अभिप्रेत होती, असा वाद घालण्यापेक्षा कोणत्या प्रेक्षकाने कोणती उचलली हे पाहणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरते.

ओर्लोक साकारणाऱ्या नटाविषयी थोडे. त्याचे आडनाव श्रेक, आणि जर्मन भाषेत ‘श्रेक’ म्हणजे दहशत. त्यामुळे हे टोपणनाव असावे इथपासून तो खराच पिशाच होता इथपर्यंत वदंता पसरल्या, आणि २००० साली त्या वदंतेवर ‘शॅडो ऑफ द व्हॅम्पायर’ हा चित्रपटही निघाला. वास्तवात माक्स श्रेक हा रंगभूमीवरचा कष्टाळू चरित्रनट होता, १९३६ मध्ये वारला. दंतकथा अर्थात त्याच्याहून जास्त जगली.

यादरम्यान फ्लॉरेन्सच्या परवानगीने आलेला रीतसर ड्रॅक्युला निराळ्याच वाटेने गेला होता. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये हॅमिल्टन डीनचे नाटक आले, त्यात सरदार उंची पोशाखातला, दिवाणखान्यात शोभणारा झाला. लंडनमधल्या प्रयोगांच्या वेळी मूर्च्छित होणाऱ्यांसाठी गणवेशातली परिचारिका नाट्यगृहात हजर ठेवली जाई. किती जण खरोखर मूर्च्छित पडले हा प्रश्न गौण होता. परिचारिका पाहूनच निम्मे प्रेक्षक घाबरायच्या तयारीने बसत. १९३१चा बेला लुगोसीचा ड्रॅक्युला याच घराण्यातला. त्याला पाहून मोहित व्हावे, ओर्लोकला पाहून दार लावून घ्यावे.

आपल्याकडे हा भेद समजायला एक अडचण आहे. रिचर्ड बर्टनने वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर १८७० मध्ये छापले तेव्हा शीर्षकात वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले, आणि तेव्हापासून हे दोन शब्द एकमेकांना चिकटले आहेत. पण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावचा राखणदार आहे, त्याला पूजा आणि मान आहे. विस्बोर्गात शिरलेला ओर्लोक कोणाचाही राखणदार नाही. ज्या गावात मृतांच्या जगाशी असा करारमदार असतो, तिथल्या प्रेक्षकाला ओर्लोकचा एकलकोंडेपणा बहुधा अधिक झोंबेल.

१९७९ मध्ये वेर्नर हेर्झोगने हीच कथा पुन्हा केली, क्लाउस किन्स्कीला घेऊन. त्याने उंदरांवर आणि प्लेगवर भर दिला आणि पिशाचाला थकलेला, मरण मागणारा केला. २०२४ अखेर रॉबर्ट एगर्सचा ‘नोस्फेराटू’ आला. त्यात एलेनची यातना केंद्रस्थानी आहे, आणि समाजमाध्यमांवर सर्वाधिक चर्चा झाली ती ओर्लोकच्या मिशीची. यावर नाके मुरडणाऱ्यांनी बीडरमायर पोशाख घालून भयपट पाहायला आणि नंतर नाचायला गेलेले बर्लिनकर आठवावेत.

मूळ चित्रपट पाहायचा असेल तर एवढे करा. एन्नो पटालास यांनी म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयात १९८०च्या दशकात विखुरलेल्या प्रतींवरून जुळवाजुळव केली. पुढे लुसिआनो बेरियातुआ यांनी मुर्नाऊ प्रतिष्ठानासाठी २००६च्या सुमारास केलेली आवृत्ती मुख्यतः पॅरिसमध्ये जपलेल्या, १९२२च्या रंगवलेल्या फ्रेंच प्रतीवर आधारलेली आहे. तिची लांबी सुमारे ९४ मिनिटे आहे, आणि हान्स एर्डमानच्या मूळ संगीताचे जे अंश हाती लागले त्यांवरून पुन्हा बांधलेले संगीत तिला जोडलेले आहे. शोधताना आधी रंग तपासा. ओर्लोक शवपेटी घेऊन रस्त्याने चालतो ते दृश्य निळे नसेल, तर ती प्रत बंद करा आणि दुसरी शोधा.